एकवीस नंबरचा कान

पैज अशी लागलीय, की दुपारी दोनपासून संध्याकाळी सहापर्यंत मी कुणाचीही खोडी काढायची नाही. एकही नाही. काढली तर मी हरलो, आणि सोसायटीच्या गेटात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर कान धरून एकवीस उठाबशा. नाही काढली तर त्याच उठाबशा गजाभाऊंच्या.

झालं काय, सकाळी मी खालच्या मजल्यावरच्या गजाभाऊ लोंढ्यांच्या स्कूटरला मागे पाटी अडकवली. 'गाभण आहे. हॉर्न वाजवू नये.' गजाभाऊ तशीच गाडी घेऊन मंडईत जाऊन, भाजी घेऊन, चहा पिऊन आले. आल्या आल्या गेटातूनच ओरडले, "रम्या! खाली ये! चौघांनी विचारलं मला, कितवा महिना म्हणून!"

"मग काय सांगितलंत?"

"बावन्न वर्षांचा घोडा झालास तू. चार तास, फक्त चार तास माणसासारखा राहून दाखव."

"लावता पैज?"

त्यांच्या बायकोने, शालनवहिनींनी लगेच स्वतःला पंच नेमून घेतलं. "एकवीसच हं," म्हणाल्या, "दोघांचेही गुडघे गेलेत, जास्त नको." पार्किंगमधले सगळे हसले. मीही हसलो. मी तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागतात, हे एक आहे माझं.

आता मी वर, आतल्या खोलीत चटईवर आडवा झालोय. युक्ती साधी आहे. झोपलेला माणूस खोड्या काढत नाही. सहाला उठायचं, खाली जायचं, गजाभाऊंचे गुडघे कसे वाजतात ते ऐकायचं. माझी बायको कुंदा तिच्या भावाकडे गेलीय. पडदा ओढलाय. किल्ल्यांचा जुडगा पँटच्या खिशात टोचत होता, तो काढून उशीशेजारी ठेवलाय.

खरं सांगू का, पैज नसती तरी झोपलोच असतो. शुक्रवारपासून अंगातलं सगळं उतरल्यासारखं झालंय. तीस वर्षं मी एका संशोधन संस्थेच्या प्राणीघरात आहे. उंदरांचा सांभाळ. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पिल्लं मोजणं, कानाला खाच मारून नंबर देणं. उजव्या कानावर एकम, डाव्या कानावर दशम. पिंजऱ्याला कार्ड असतं, पण कार्ड हलतं, पडतं, भिजतं. कान उंदराबरोबर राहतो. म्हणून नियम असा की कापायच्या आधी कान वाचायचा, मोठ्याने, आणि मगच नळीवर नंबर लिहायचा.

शुक्रवारी केतकी आली. केतकी वाळिंबे, पीएचडी करतेय, चांगली पोरगी आहे, मला काका म्हणते. म्हणाली, "काका, तीनशे बारा उंदीर झाले. दोन्ही एन्झाईमं सगळ्यांत जोडीनेच, एकही फुटला नाही. उकिडवेबाईंचा तो जुना पेपर चुकीचा आहे. हलगर्जीपणा झाला होता त्यांच्याकडे. सोमवारी दहाला मीटिंगमध्ये मांडतेय."

मी म्हणालो, "बाईंनी नाही केला. मी केला. मी कार्डं बदलली होती."

ती हसली. "काका! तुम्ही पण ना."

आणि मीसुद्धा हसलो. तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली, ती गेली.

पंखा फिरतोय. त्याला एक बारीक खरखर आहे, बेअरिंग गेलंय. खरखर, खरखर. प्राणीघरातला हवा ओढणारा पंखा असाच वाजतो. आणि तो वासही, भुशाचा आणि उंदरांचा, आंबूस, अंगाला चिकटणारा, जो कुंदाला तीस वर्षांत आवडलेला नाही. मी डोळे मिटूनच म्हणतो, खिडकी उघडी राहिली वाटतं.

"खिडकी नाहीये इथे," कुणीतरी म्हणतं. "उठ. बर्फ आणलास का?"

पायथ्याशी बाई बसल्यात. डॉक्टर नलिनी उकिडवे, ज्यांच्या प्रयोगांचे उंदीर मी सांभाळायचो. पांढऱ्या एप्रनच्या टोकाने चष्मा पुसतायत. काच जाड, भिंगासारखी. पायात त्याच काळ्या सँडल, एकीचा पट्टा दोऱ्याने शिवलेला. तो मीच शिवला होता.

"बाई, तुम्ही गेलात ना? सहा वर्षं झाली."

"हो. गेले." चष्मा घालतात. "म्हणून बर्फ नाही आणायचा?"

मी उठतो आणि बर्फाची बादली हातात असतेच. आम्ही चालायला लागतो. हा आमच्या सोसायटीचा जिना आहे, कठड्यावर शालनवहिनींची गोधडी वाळत घातलीय, पण दोन्ही बाजूंना रॅक आहेत. पायरीपायरीला पिंजरे. काळे उंदीर, सगळे काळे, सगळे सारखे. प्रत्येक पिंजऱ्याला कार्ड आहे आणि कार्डावर काही लिहिलेलं नाही.

"रविवारी कोण आलंय कामाला?" मी विचारतो.

"उंदरांना रविवार असतो का रे?" बाई कायम हेच म्हणायच्या.

वरच्या मजल्यावर दार उघडतं ते माझ्याच स्वयंपाकघरात. गॅसवर कुंदाचं मोठं पातेलं. बाई त्यात डाव घालून ढवळतायत. बटाट्याचा स्टार्च, पांढरा, घट्ट होत आलेला. आमच्याकडे जेल असंच शिजवायचे. मी त्याला पिठलं म्हणायचो आणि एकदा भाकरीही नेऊन ठेवली होती शेजारी. बाई पोट धरून हसल्या होत्या.

"ढवळत राहा," म्हणतात, "गुठळ्या नकोत. आज दाखवायचंय तुला."

"मला कशाला? मी भुसा बदलणारा माणूस."

"तुलाच दाखवायचंय."

ताटात ओततात. खरवसासारखं थरथरतं ते. तारेने मधोमध आडवं कापतात, वरचा थर वेगळा, खालचा वेगळा. "हे वरचं रक्तातलं एन्झाईम. हे खालचं मूत्रपिंडातलं. आईबापाकडून जसं येईल तसं. काहींचं चपळ असतं, वीज सोडली की जेलमधून पुढे पळतं. काहींचं रेंगाळतं. बरोबर?"

"बरोबर." हे त्यांनी मला शंभरदा सांगितलेलं आहे. शिकवल्याशिवाय कुणाकडून काम करून घ्यायच्या नाहीत.

"मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, की ही दोन एन्झाईमं दोन नाहीतच. एकाच जनुकातून येतात. एकाच जागेवरून. तसं असेल तर जो रक्तात चपळ, तो मूत्रपिंडातही चपळ. ही जोडी कधी फुटणार नाही. एकही उंदीर नाही."

रंग ओततात. थरांवर जांभळे पट्टे उमटायला लागतात. वर पुढे, खाली पुढे. वर मागे, खाली मागे. पट्टे मोजता मोजता ताट लांब होत जातं, ओट्यावरून खाली उतरतं, आणि आम्ही त्याच्या कडेकडेने चालतोय. एसटी स्टँडाच्या फलाटासारखं लांब. बाकांवर माणसं बसलीत, मांडीवर पिंजरे घेऊन. गजाभाऊ आहेत एका बाकावर. माझ्याकडे बघत नाहीत.

"दोनशे बारा उंदीर," बाई म्हणतात. "दोनशे दहा बरोबर. आणि हे दोन."

दोनच पट्टे. वर पुढे, खाली मागे. शेजारच्यात उलटं. एकवीस नंबर आणि एकोणचाळीस नंबर.

"या दोघांनी फोडलं," बाई म्हणतात. रागावलेल्या नाहीत. दमल्यात. "दोन जरी फुटले तरी जागा दोन. मग मी माझी कल्पना सोडून दिली. तसाच पेपर लिहिला. माझ्या मताला विचारतंय कोण, उंदीर सांगेल ते खरं."

माझ्या घशात जोक तयार आहे. सांगतो, शपथ, त्या वेळीही जोक तयार होता. 'बाई, भांडण झालं असेल रक्ताचं आणि मूत्रपिंडाचं.' असलं काहीतरी. मी तोंड उघडतो आणि बाहेर खरखर येते, पंख्याची.

"काय म्हणतोस?"

"बाई, मी कार्डं बदलली होती."

बाई हसतात. अगदी तशाच, जशा तेव्हा हसल्या होत्या. पेपर छापून आल्यावर पेढे वाटत होत्या तेव्हा मी हेच म्हणालो होतो. काचेवर वाफ आली होती हसून हसून. "रमाकांत, तू ना!" पेढा माझ्या हातात कोंबला होता. मी खाल्ला. तो कसा लागला ते मला अजून माहितीये.

फलाट संपतो. आम्ही गच्चीवर आहोत, पाण्याच्या टाकीशेजारी. ऊन आहे पण लागत नाही. टाकीतून उंदरांच्या चकचक पाणी पिण्याचा आवाज येतोय.

"बाई, खरंच बदलली होती."

त्या हसतायतच.

"देवसाहेबांसाठी. तुमच्या वतीने ते यायचे होते नमुने घ्यायला. प्रत्येक कार्ड तीनतीनदा वाचायचे, पुटपुटायचे, आठवतं ना? मी म्हटलं, जरा फिरवू. रक्ताचे नमुने तीन आठवड्यांपूर्वीच घेऊन झाले होते, मूत्रपिंडं राहिली होती. एकवीसचं कार्ड एकोणचाळीसला लावलं. ते कान बघतील, गोंधळतील, धावतील, मी हसेन, परत लावीन. पाच मिनिटांचं काम."

"मग?"

"मग देवसाहेब आलेच नाहीत. तुम्ही आलात. घाईत होतात, बर्फ वितळत होता, दारात संचालक उभे. तुम्ही उंदीर माझ्या हातात दिलात."

बाईंचं हसणं थांबलंय. माझं थांबत नाहीये. गाल वर ओढलेलेच आहेत, मला जाणवतायत, खाली येत नाहीत.

"आणि मी म्हटलं, कान वाच," बाई म्हणतात.

"हो."

"माझे डोळे गेले होते. तुझे चांगले होते."

"हो."

"काय वाचलंस?"

"कार्ड वाचलं," मी म्हणतो. "कानावर एकोणचाळीस होतं. दिसत होतं. मी एकवीस म्हणालो. संचालकसाहेब उभे होते बाई, मी घाबरलो. मग दुसरा उंदीर. त्यालाही तसंच."

खोडी तिथे नव्हती. खोडी पाच मिनिटांची होती. हे नंतरचं खोटं माझं आहे.

बाई टाकीच्या कठड्यावर बसतात. पाय दुखत असावेत, सँडल काढून ठेवतात. खाली कुणीतरी 'भंगारवालाऽऽ' ओरडत जातो.

"हसत का होतास मग, सांगताना?"

"तोंड आपोआप हसतं. मला दुसरं येत नाही. कुणाला काही खरं सांगायला गेलो की ते हसतात, मग मीही. परवा त्या पोरीला सांगितलं, तीपण हसली. उद्या ती उठून सांगणार, उकिडवेबाई हलगर्जी होत्या."

"होतेच," बाई म्हणतात.

"नाही बाई."

"कान मी वाचला नाही. तू वाचला होतास ना, म्हणून वाचला नाही. ती माझी चूक. लिही तसं." मग माझ्याकडे बघतात. चष्म्याआड डोळे केवढे मोठे. "त्या दोघांची कातडी मी ठेवायला सांगितली होती."

"मीठ लावून मीच वाळवली. कानांसकट. नंबराच्या चिठ्ठ्या पायाला बांधून."

"कुठे आहेत?"

तुमची खोली रिकामी केली तेव्हा सगळं भंगारात चाललं होतं. मी एक डबा उचलला, बिस्किटांचा, निळा. घरी आणला, माळ्यावर टाकला, वर जुन्या गाद्या रचल्या. हे मी बोलत नाही. पण डबा त्यांच्या मांडीवर आहे.

"यात काय आहे?"

"बिस्किटं," मी म्हणतो. च्यायला, मेलेल्या माणसासमोरसुद्धा.

या वेळी त्या हसत नाहीत. "तुझं तोंड राहू दे, रमाकांत. तोंड नको. कान दे."

मी कान पुढे करतो. एप्रनच्या खिशातून त्या खाच मारायचा चिमटा काढतात. आमचाच, जुना, मुठीला लाल टेप गुंडाळलेली. उजवा कान धरतात. त्यांची बोटं गार आहेत, बर्फाची.

"दुखेल का?"

"उंदराला विचारलं होतंस कधी?"

कट्.

खरखर. पंखा. मी चटईवर आहे. तोंडातून लाळ उशीवर आलीय. पडद्याच्या फटीतून ऊन पिवळं झालंय. घड्याळात सव्वापाच. उजवा कान ठणकतोय. हात लावतो, पाळीच्या वर, कडेला, बरोबर खाच. उठून आरशात बघतो. किल्ल्यांचा जुडगा कानाखाली आला होता झोपेत, गोदरेजच्या किल्लीचा दात रुतलाय. लाल, अर्धगोल, खोल. बोटाने चोळतो. जात नाही.

आरशात माझं तोंड हसत नाहीये, हे जरा वेळाने माझ्या लक्षात येतं.

मग स्टूल लावतो. गाद्या ओढतो, धूळ अंगावर येते. डबा आहे. केतकीला फोन लावतो.

"काका, रविवारी?"

"हसू नकोस," मी म्हणतो. "एकदा न हसता ऐक. वारज्याला माझ्या घरी ये. पत्ता पाठवतो. तुला दोन कान वाचायचेत."

"तुमचा आवाज असा का येतोय?"

"ये तू."

सहाला खाली जातो तर अख्खी सोसायटी गेटात. खुर्च्या काढून बसलेत लोक. गजाभाऊंनी पँटचे पाय वर दुमडलेत, बिचारे तयारीत.

"झोपून जिंकला!" ते ओरडतात. "ही चीटिंग आहे, पण जिंकला. पंचबाई, तुमचा निकाल?"

"नियमात झोप बसते," शालनवहिनी म्हणतात. "उठाबशा तुमच्या. चला, धरा कान."

"थांबा, गजाभाऊ," मी म्हणतो. "मी हरलोय."

हशा. कुणीतरी टाळ्या वाजवतं. "अरे, ही नवी खोडी! बघा, सहा वाजून दोन मिनिटं आणि सुरू!"

केतकी स्कूटी लावून येते, हेल्मेट काखेत. मी डबा गजाभाऊंच्या स्कूटरच्या सीटवर ठेवतो आणि उघडतो. मिठाचा, जुन्या कापसाचा वास. दोन चपटी काळी कातडी, तळहाताएवढी. कान वाळून कागदासारखे झालेत, पण आहेत. लोक पुढे सरकतात. शालनवहिनी पदर नाकाला लावतात.

"चिठ्ठी वाच," मी केतकीला म्हणतो.

"एकवीस. अक्षर तुमचंच."

"आता कान वाच. मोठ्याने. उजव्यावर एकम, डाव्यावर दशम. मला विचारू नको, तू वाच."

ती कातडं उजेडाकडे धरते. मोबाईलचा दिवा लावते. बोटाच्या टोकाने खाचा मोजते, एकदा, परत एकदा. तिचे ओठ हलतायत, देवसाहेबांसारखे.

"एकोणचाळीस," ती म्हणते. मग दुसरं उचलते. चिठ्ठी एकोणचाळीसची. कान एकवीस. ती ते सावकाश खाली ठेवते आणि माझ्याकडे बघते. "म्हणजे बाईंचा एकही फुटला नव्हता."

"एकही नाही."

"म्हणजे एकच जागा. त्यांना आधीच कळलं होतं."

"आधीपासून. मी त्यांना खोटं वाचून दाखवलं. तेवीस वर्षं झाली."

गजाभाऊ कधी माझ्याकडे, कधी डब्याकडे बघतायत. त्यांना उंदरांचं काही कळलेलं नाही. पण मी हसत नाहीये, एवढं कळलंय. हळूच म्हणतात, "रमाकांत, खरं आहे काय रे हे?" तीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण नाव घेतलं त्यांनी.

"खरंय."

"उद्या दहा वाजता," केतकी म्हणते. तिचा आवाज कडक झालाय, पण डोळे भरलेत. "मी नाही सांगणार काका. तुम्ही उभं राहून सांगायचं. सगळ्यांसमोर. डायरेक्टरसाहेब असतील."

"नोकरीची सहा वर्षं राहिलीत माझी."

"माहितीये."

"येतो," मी म्हणतो.

आणि गेटाच्या मधोमध जातो. दूधवाला थांबलाय, समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवलीय. मी दोन्ही कान धरतो. उजवा असा चावतो की डोळ्यांत पाणी येतं. खाच बोटाला लागतेय.

शालनवहिनी मोजायला सुरुवात करतात. एक. दोन. पहिल्या चारपाच उठाबशांना लोक हसतात, गुडघा कडकड वाजतो तेव्हा तर फारच. सात. आठ. मग हसणं विरळ होतं. बारानंतर नुसता वहिनींचा आवाज आणि माझा श्वास. पंधरा. घाम कानावरून खाली येतोय. अठरा. गजाभाऊ पुढे होऊन म्हणतात, "पुरे की आता, मरशील." एकोणीस. वीस.

"एकवीस!" वहिनी म्हणतात. "झालं. सुटलास."

मी परत खाली बसतो.

"अहो भावजी, झालं! एकवीस ठरल्या होत्या."

"एकवीस खोटं आहे," मी म्हणतो. उठायला जमत नाहीये नीट, पण उठतो. "एकोणचाळीस."

वहिनी गजाभाऊंकडे बघतात. मी कान घट्ट धरतो आणि वाकतो.

"बावीस," केतकी म्हणते.